शब्दांचं गोत : चाओ, जोहार आणि एक दगड



यंदाच्या उन्हाळ्यात बाबा नागपूरहून आमच्याकडे साउथहॅम्प्टनला राहायला आले होते. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, स्वस्थ बसणं रक्तात नाही. दोन दिवसांत कंटाळले आणि लेकीला शाळेतून आणायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. पहिल्याच दिवशी घरी आल्यावर मला म्हणाले, "काय रे, ते हिच्या वर्गातलं कुरळ्या केसांचं पोरगं मले 'चाव' म्हणून पयून गेलं. कोणाले चावू?"

लेक हसून हसून लोळायची बाकी राहिली. मग तिने आजोबांना समजावलं, की तिची ती मैत्रीण इटलीची आहे, आणि तिच्या भाषेत 'चाओ' म्हणजे बाय. आणि हाय पण. बाबांचा पुढचा प्रश्न तयार होता, "येतानीही चाव अन् जातानीही चाव? मंग त्याचा अर्थ काय?"

आता मंडळी, या प्रश्नाला 'काही नाही हो, असंच म्हणतात' असं उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं. पण शब्दांची कुळं खोदायची आपली खोड तुम्हाला माहीत आहे. त्या रात्री भांडी घासून झाल्यावर बसलो शोधायला. जे सापडलं त्याने पुढचे दोन आठवडे डोकं सोडलं नाही. म्हणून आजचा मुक्काम 'चाओ'.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. व्हॅटिकन म्हणजे मूळची 'वाटिका' छापाचं काही इथे नाही. व्हिएतनामी भाषेतही भेटल्यावर 'चाओ' म्हणतात, पण त्याचा इटालियन चाओशी काडीचा संबंध नाही. निव्वळ योगायोग. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही, नाहीतर आमच्या बाबांच्या 'चाव'लाही वारसाहक्क मिळाला असता :-)

खरी वंशावळ अशी. चाओ हा शब्द आला वेनिसच्या बोलीतून. तिथे तो होता 'स्-चावो', पुढे घासून 'स्-चाओ', आणि मग सुरुवातीचा 'स' गळून 'चाओ'. प्रमाण इटालियनमध्ये हाच शब्द 'स्कियाव्हो' असा आहे आणि त्याचा अर्थ आहे गुलाम. म्हणजे चाओ म्हणणारा मूळात म्हणत होता, 'मी आपला दास आहे'. अठराव्या शतकातला वेनिसचा नाटककार गोल्दोनी, त्याच्या नाटकांतली खानदानी पात्रं निरोप घेताना 'तुमचा दास' म्हणून जातात. एकोणिसाव्या शतकात हा शब्द वेनिस-मिलानकडून बाकीच्या इटलीत पसरला, आणि पुढे इटालियन माणूस पोटासाठी जिथे जिथे गेला तिथे तिथे त्याच्या बरोबर गेला.

गंमत बघा. इतक्या लीन अर्थाचा शब्द, पण आजच्या इटलीत तो फक्त अरे-तुरेच्या माणसांत चालतो. अनोळखी वडीलधाऱ्याला किंवा न्यायाधीशाला कोणी चाओ म्हणत नाही. एके काळी जो शब्द पायाशी लोळत होता तो आता खांद्यावर हात टाकतो.

पण वंशावळ इथे थांबत नाही. स्कियाव्हो आला मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'स्क्लावुस'पासून, आणि स्क्लावुस म्हणजे मुळात गुलाम नव्हे, तर स्लाव. पूर्व युरोपातले स्लाव लोक. साधारण नवव्या-दहाव्या शतकात या लोकांना इतक्या मोठ्या संख्येने पकडून बाजारात विकलं गेलं, की त्यांच्या जमातीचं नाव हेच 'गुलाम' या अर्थाचं नाव झालं. इंग्रजीतला 'स्लेव्ह', फ्रेंच 'एस्क्लाव', जर्मन 'स्क्लावे', सगळी एकाच घरातली.

आणि स्लाव लोक स्वतःला स्लाव का म्हणवत? बहुतेक अभ्यासकांच्या मते ते नाव 'स्लोवो' म्हणजे 'शब्द' यावरून आलं. ज्यांचा शब्द एकमेकांना कळतो ते आपण. शेजारच्या जर्मनांना त्यांनी नाव दिलं ते 'मुका' या अर्थाचं. आता हा 'स्लोवो' ज्या प्राचीन धातूपासून आला, त्याच धातूपासून संस्कृतातला 'श्रु' आला. श्रवण, श्रुती, बहुश्रुत. म्हणजे फार मागे गेलं तर चाओ आणि आपला श्रावणबाळ यांचं लांबचं नातं लागतं. हे मात्र वाटिकेसारखं नाही, नियमाने सिद्ध होणारं आहे.

इथवर सगळं पुस्तकी. मग मला आठवलं की या वंशावळीतली एक पिढी आमच्या घरापासून गाडीने काही मिनिटांवर दगडात कोरून ठेवलेली आहे.

साउथहॅम्प्टन म्हटलं की आपल्या लोकांना टायटॅनिक आठवते. १९१२ साली ती निघाली ती इथूनच. पण या बंदराचे खरे श्रीमंतीचे दिवस त्याच्या चारपाचशे वर्षं आधी होते. पंधराव्या शतकात जिनोआ, फ्लॉरेन्स आणि वेनिसची जहाजं इथे लागत. वेनिसची सरकारी गलबतं ठरावीक ताफ्याने येत आणि मिरी, आलं, रेशीम उतरवून इंग्लंडची लोकर, कापड आणि कथील घेऊन परत जात. ही मिरी कुठली? आपल्या मलबारची. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. त्याच्या आधी ती अरबांच्या हातून अलेक्झांड्रियाला, तिथून वेनिसला आणि तिथून इथे, असा प्रवास करी. बारगेट या शहराच्या जुन्या वेशीतून कुठल्या गाडीत काय माल बाहेर गेला याच्या जकातीच्या वह्या इथे १४३० पासूनच्या सापडतात. आज त्याच वेशीच्या आसपास आपण सेलमध्ये जॅकेटं बघत हिंडतो.

त्या गलबतांवर वल्ही मारायला माणसं लागत, शेकड्याने. त्यातले पुष्कळ एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्याचे, म्हणजे आजच्या क्रोएशिया-मॉन्टेनेग्रोकडचे स्लाव. तो किनारा तेव्हा वेनिसच्या ताब्यात होता. या लोकांना वेनिसमध्ये म्हणत 'स्कियाव्होनी'. वेनिसला फिरून आलेल्यांनी सान मार्कोच्या बाजूचा धक्का पाहिला असेल, त्याचं नाव आजही 'रीवा देली स्कियाव्होनी'. आणि हे लक्षात ठेवा, की त्या काळचे हे वल्हेकरी गुलाम नव्हते, पगारी माणसं होती. वेनिसच्या गलबतांवर शिक्षा झालेले कैदी जुंपायला सुरुवात झाली ती सोळाव्या शतकात. यांची आपापली मंडळं होती. अडीअडचणीला मदत करणारी, मेल्यावर मातीची सोय बघणारी. भिशी-मंडळ आणि पंचायत यांच्या मधलं काहीतरी.

आमच्या विमानतळाजवळ नॉर्थ स्टोनहॅम नावाची जागा आहे. तिथल्या सेंट निकोलसच्या चर्चमध्ये अशाच एका मंडळाचा दगड आहे. एका रविवारी प्रार्थना संपल्यावर बाबांना आणि लेकीला घेऊन गेलो. चर्चमधल्या एका आजीबाईंनी कौतुकाने आधी ॲडमिरल हॉकची समाधी दाखवली, कारण बघायला येणारे बहुतेक त्याच्यासाठी येतात. मी फरशीतल्या दगडाचं विचारल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मोठा दगड, त्यावर दोन डोक्यांचा गरुड, आणि अक्षरं : 'सेपुल्तुरा दे ला स्कोला दे स्क्लावोनी', म्हणजे स्लाव मंडळींच्या संघाची दफनभूमी. खाली रोमन आकड्यांत साल, १४९१.

स्क्लावोनी! चाओचा सख्खा चुलतपणजोबा. माझ्यातला इंजिनियर एकदम खूष झाला. लेकीला म्हटलं, "ही अक्षरं बघ, तुझ्या मैत्रिणीचं चाओ इथून निघालं." तिने बोटाने अक्षरं गिरवली आणि दोन मिनिटांत बाहेर पळाली, कारण डोक्यावरून विमान चाललं होतं.

मी बाबांना मग सगळी साखळी सांगितली. स्लाव, मग गुलाम, मग तुमचा दास, मग चाओ. सांगताना मी रंगात आलो होतो. जर्मनीच्या दक्षिणेला आणि ऑस्ट्रियात भेटल्यावर 'सेर्वुस' म्हणतात, तेही लॅटिनमध्ये 'दास'च. इंग्रजी पत्राच्या तळाशी 'युवर ओबीडियंट सर्व्हंट' असायचं. आपल्या शाळेच्या अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असायचं. पेशवाईतली पत्रं तर 'सेवेसी विनंती सेवक' अशीच सुरू होत, मग लिहिणारा सेवक स्वतः दहा हजार फौजेचा सरदार का असेना. आणि जमातीचं नाव गुलामाला चिकटण्यातही स्लाव एकटे नाहीत. ऋग्वेदात 'दास' हे शत्रू लोकांचं नाव आहे, नंतर त्याचा अर्थ नोकर-गुलाम झाला. इथल्या अँग्लो-सॅक्सन लोकांचा 'वेआल्ह' हा शब्द घ्या, अर्थ परका, आणि गुलामसुद्धा. त्यावरून आजचं वेल्श आलं.

बाबा सगळं ऐकत होते. दगडाकडे बघत म्हणाले, "म्हणजे यायचाही जोहारच होता की."

मी गप्प झालो.

मंडळी, सगळ्यांना हा शब्द माहीत असेलच असं नाही, म्हणून सांगतो. हा राजपुतांचा जौहर नव्हे. महार माणसाने गावात वरच्या जातीच्या माणसाला करायचा तो जोहार. चौदाव्या शतकातल्या चोखोबांनी पांडुरंगालाच जोहार घालणारे अभंग लिहिले, इतका तो अंगात मुरलेला. आमच्या घरात हा शब्द उच्चारला जात नाही. मी तो पहिल्यांदा पुस्तकात वाचला. त्या दिवशी चर्चच्या आवारातल्या बाकावर बसून बाबांनी जे सांगितलं ते त्यांनी चाळीशीकडे आलेल्या मुलाला पहिल्यांदा सांगितलं.

माझे आजोबा भंडाऱ्याकडचं गाव सोडून नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये लागले होते. जुलै १९४२ मध्ये नागपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत मोठी परिषद झाली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची उभारणी तिथलीच. आजोबा तेव्हा विशीतले. परिषद ऐकून ते गावी गेले. वडिलांबरोबर जाताना रस्त्यात पाटील भेटले. पणजोबांनी रोजच्यासारखा वाकून जोहार केला. आजोबांनी ताठ उभं राहून हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार पाटील."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. त्या सालचं बलुतं बंद झालं. खळ्यावरून दाणा भेटला नाही."

"आणि पणजोबा काय म्हणाले? रागावले?"

"नाही ना. काहीच नाही म्हटलं त्यायनं. पण मंग ते मरेस्तोवर पाटलाच्या वाड्यापुढून गेले नाहीत. मागून लंबा रस्ता होता नाल्याकडून, त्यानं जात. पाटील समोर आला तं जोहार करा लागते, अन् नाही केला तं पोरासारखं धाडस पाहिजे. दोन्ही नको म्हणून लंबा रस्ता."

नुसत्या 'नमस्कार' या शब्दावरून एवढं? पण मंडळी, याला इतिहास आहे. अठराव्या शतकात मुंबईच्या सोनारांनी एकमेकांना नमस्कार म्हणायला सुरुवात केली, तर पेशव्यांच्या दरबारातून तक्रार गेली, आणि ईस्ट इंडिया कंपनीने ऑगस्ट १७७९ मध्ये सोनारांना ती मनाई फर्मावली. बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये या प्रकरणाचा दाखला दिला आहे. म्हणजे सोनारांची ही गत, मग आमची काय.

आता माझी एक कबुली. आपल्यातले बरेच जण आयटीवाले. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मशीनला दोन हार्ड डिस्क लावताना जंपर बदलून एक मास्टर, एक स्लेव्ह करायचो, आठवतं? डेटाबेसमध्येही तेच शब्द. २०१८ मध्ये पायथनवाल्यांनी ते शब्द काढले, २०२० मध्ये मायएसक्यूएलने सोर्स आणि रेप्लिका आणले, गिटहबने मास्टरचं मेन केलं. आमच्या टीमवर सगळ्या स्क्रिप्ट बदलायचं काम आलं, त्यात दोन रात्री गेल्या आणि एक पाइपलाइन मोडली. तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत म्हणालो होतो, 'शब्द बदलून काय होणारे? मशीनला थोडीच वाईट वाटतं?' सगळे हसले होते. माझ्याच आजोबांनी एक शब्द बदलला म्हणून घरात एक वर्ष दाणा आला नव्हता, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

मग चाओचं काय करायचं? लेकीला सांगायचं का, की बाई, हा गुलामांचा शब्द, म्हणू नकोस? बाकावर बसल्या बसल्या मी हेच विचारलं. बाबांनी थोडा विचार केला आणि उलट विचारलं, "ते इटलीचं पोरगं हिले चाव म्हणते. ही काय म्हणते?"

"चाओच म्हणते."

"मंग झालं तं. पाटलानं कधी जोहाराले जोहार केला नाही."

मी शब्दांची वंशावळ पाचशे-हजार वर्षं मागे खणत होतो. बाबांनी पाहिलं ते एवढंच, की शब्द जातो तसा परत येतो का. वेनिसचे दोन सरदार एकमेकांना 'मी तुमचा दास' म्हणत, तेव्हा दोघंही दास नव्हते आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. खरा विकत घेतलेला दास ते म्हणत असेल तर त्याला मालकाकडून उत्तरात तोच शब्द मिळत नव्हता. आपल्याकडेही 'सेवेसी सेवक' लिहिणाऱ्या सरदारांच्या वाड्यांत कुणबिणी खरोखर विकत घेतलेल्या असत. त्यांना पत्रं लिहायची वेळच आली नाही.

आणि याच मापाने उलटंही मोजता येतं. झारखंड-छत्तीसगडकडचे आदिवासी बांधव एकमेकांना अभिमानाने 'जोहार' म्हणतात. बाबांच्या ऑफिसातले एक सहकारी फोनवर 'जय जोहार'ने सुरुवात करत, आणि बाबाही त्यांना 'जय जोहार' म्हणत. अक्षरं तीच, पण तिथे ती दोन्ही बाजूंनी चालतात. 'जय भीम'चंही तसंच आहे. हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना देतात. १९०४ ते १९३९, उणंपुरं पस्तीस वर्षांचं आयुष्य. त्यांनी नुसता जोहार काढून टाकला नाही, त्या जागी असा शब्द दिला की ज्याचं उत्तर त्याच शब्दात द्यावं लागतं.

स्टोनहॅमच्या त्या दगडाकडे मी निघताना पुन्हा एकदा पाहिलं. ज्या नावाचा अर्धं जग 'गुलाम' असा अर्थ लावत होतं, तेच नाव त्या खलाशांनी वर्गणी काढून, परक्या देशात, गरुडासकट दगडात कोरलं. नाव बदललं नाही, लंबा रस्ताही घेतला नाही. कोणता मार्ग बरा हे मी ठरवणार नाही. पणजोबा, आजोबा आणि ते स्क्लावोनी, तिघांनीही आपापल्या परीने निभावलं.

बाबा सप्टेंबरात परत गेले. हीथ्रोला सिक्युरिटीच्या रांगेत शिरताना लेक ओरडली, "चाओ आजोबा!" रांगेतून हात हलवत ते ओरडले, "चाव! चाव!" मग दोन पावलं पुढे जाऊन थांबले, वळले आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "जय भीम, बेटा." तिने दोन्ही हात जोडले आणि जय भीम म्हणाली. मागचा इटालियन-बिटालियन कोणी होता की काय माहीत नाही, तो मात्र हसला.

असो. लांबलं खरं. पुढच्या वेळी जरा हलकाफुलका शब्द घेईन म्हणतो, आल्याचा. त्याचं नागपूर-वेनिस नातं मिरीपेक्षाही तिखट आहे.

पत्राखाली आजवर सवयीने 'आपला नम्र' लिहीत आलो. आज तेवढं सोडून देतो.

कळावे, लोभ असावा.